कोल्हापुरात स्वस्तात मुक्काम: लॉज, भक्तनिवास, तंबू... आधी काय करायचं नि नंतर काय

दिवाळी झाली की तेच प्रश्न सुरू होतात. कोल्हापुरात स्वस्त रूम कुठं मिळेल, पन्हाळ्यावर टेंट लावला तर चालतंय का, दाजीपूरला रात्री राहता येतं का. उत्तरं मिळतात पण पैसे जातातच, कारण बहुतेकांचा क्रमच उलटा असतो. आधी ऑनलाइन तंबू मागवायचा, मग जागा शोधायची, मग तिथं परवानगी लागते हे कळायचं, तोवर शेवटची एस्टी गेलेली, आणि मग रात्री नऊला दिसेल त्या लॉजवर सांगतील तो भाव मोजायचा. स्वस्तातला मुक्काम घासाघीस करून होत नाही, तो घरी बसून केलेल्या तयारीत होतो. म्हणून इथं सगळं क्रमानं लिहितोय. धरून चाला की दोन रात्री आहेत, एक शहरात आणि एक बाहेर डोंगराकडं. तुम्हाला एकच करायची असेल तर तेवढाच भाग बघा, पण पहिले दोन टप्पे कुणीही सोडू नका.

टप्पा १: तारीख ठरवा, पण पंचांग उघडून

कोल्हापुरात रूमचा भाव सीझनपेक्षा गर्दीवर जास्त ठरतो. शनिवार-रविवार तर आहेच, पण अंबाबाईमुळं मंगळवार-शुक्रवारीही मंदिराभोवतीची लॉज भरतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. नवरात्राचे दिवस, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी, चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, दत्तजयंतीला नृसिंहवाडी, या काळात स्वस्त हा शब्दच विसरा. सोमवार, बुधवार किंवा गुरुवारची रात्र धरली तर तीच रूम कमी भावात मिळते आणि मुख्य म्हणजे फोनवर माणूस नीट बोलतो.

तंबूसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एवढेच चार महिने नवख्यांनी धरावेत असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर कडक ऊन आणि संध्याकाळी वळीव, तो येतो तेव्हा वारा आणि विजा घेऊनच येतो, पठारावर तंबूत बसलेल्या माणसाला लपायला जागा नसते. ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाचंही तेच, "पाऊस संपला की हो आता" म्हणून जाणारे याच महिन्यात फसतात. जून ते सप्टेंबर गगनबावडा, आंबा घाट, राधानगरी पट्ट्यात पाऊस एवढा असतो की साध्या तंबूचं काम नाही, आणि दाजीपूरचं अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांना बंदच असतं. पावसाळ्यात यायचंच असेल तर पक्क्या छपराखाली राहा.

> तपासा: जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आकडा ३९ च्या जवळ सरकत असेल तर ट्रिप पुढं ढकला, कारण गगनबावड्याकडचे रस्ते पाण्याखाली जायला लागतात. २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ हायवेच बंद झालेला.

टप्पा २: जायची नव्हे, परतीची गाडी आधी शोधा

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त चुकवतात. जायला काय, कशीही गाडी मिळते. परतीची चुकली की जीप भाड्यानं करावी लागते आणि दोन दिवसांची सगळी बचत त्या एका फेरीत जाते.

पहिली गोष्ट, शहरात स्टँड एक नाही. मध्यवर्ती बसस्थानक म्हणजे सीबीएस, शिवाय रंकाळा स्टँड आणि संभाजीनगर स्टँड. तुमच्या गावाची गाडी नेमकी कुठून सुटते ते आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारा. बॅग घेऊन सीबीएसवर तासभर बसायचं आणि मग कळायचं की गाडी रंकाळ्यावरनं गेली, हे दर रविवारी कुणाचं तरी होतंच.

दुसरी, खेड्यातल्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी असतात. रविवारी आणि सुट्टीत त्या रद्द होतात. वेळापत्रकात गाडी दिसते, प्रत्यक्षात येत नाही. म्हणून चौकशी करताना "रविवारी पण असते का ही?" हा प्रश्न विचाराच.

तिसरी गोष्ट म्हणजे वस्तीची गाडी. संध्याकाळी शहरातनं सुटून शेवटच्या गावात मुक्काम करते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत फिरते. कमी पैशात फिरणाऱ्याला हिच्यासारखा आधार नाही, कारण सकाळची ही गाडी सहसा चुकत नाही, ती रात्रीपासून गावातच उभी असते. तंबूसाठी किंवा घरगुती मुक्कामासाठी गाव निवडताना जिथं वस्तीची गाडी जाते तेच निवडा. पण जाताना मात्र तिनं जाऊ नका. ती पोचते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि अनोळखी जागी अंधारात तंबू लावणं म्हणजे निम्म्या चुका तिथंच. दुपारच्या गाडीनं जा, पहाटेच्या वस्तीच्या गाडीनं या.

तिकिटात महिलांना निम्मं भाडं, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ च्या पुढं मोफत. ओरिजनल ओळखपत्र जवळ हवं. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच, बेळगाव-निपाणीकडं जाताना पुढच्या टप्प्याचं पूर्ण तिकीट पडतं. चार-सात दिवस सलग फिरणार असाल तर एस्टीचा "आवडेल तेथे प्रवास" पास काढायचा का याचा हिशोब करून बघा, नुसत्या दोन दिवसांसाठी तो परवडत नाही.

> तपासा: परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहिल्यात का? एक ठरलेली आणि ती नाही आली तर पुढची. मोबाईलला रेंज नसते म्हणून कागदावर.

टप्पा ३: शहरातली रात्र

आधी एरिया ठरवा, मग लॉज. स्टेशन, सीबीएस, शाहूपुरी, दाभोळकर कॉर्नर या भागात साधी लॉज भरपूर आहेत. मंदिराच्या बाजूला महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडप इकडं धर्मशाळा, भक्तनिवास, यात्री निवास आणि लॉज सगळं मिसळलेलं आहे. पहाटेच्या एस्टीनं डोंगराकडं जायचं असेल तर स्टँडजवळ राहा, पहाटे देवीला जायचं असेल तर मंदिराजवळ. उलटं केलं की रिक्षाचे पैसे दोन्ही बाजूंनी जातात. समजा मंदिराजवळची रूम ९०० आणि लांबची ७००, वाचले २००, पण जाऊन-येऊन रिक्षाचे २५० गेले तर काय केलं? रूमचा रेट एकटा बघायचाच नाही, रूम अधिक रिक्षा अधिक पार्किंग, भागिले माणसं, असा आकडा काढायचा. स्वतःची गाडी असेल तर महाद्वार रोडच्या बोळात ती लावायला जागा मिळत नाही, बिंदू चौकाच्या पार्किंगला लावून चालत या.

*फोनवर काय विचारायचं*

"रूम आहे का, कितीला" एवढंच विचारून लोक फोन ठेवतात. खरं तर हे विचारा:

चेकआऊट २४ तासांचं की दुपारी बाराचं? महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरणाऱ्यांनी तर हे पहिलं विचारायचं. बाराचं चेकआऊट असेल आणि तुम्ही सकाळी आठला रूम घेतली तर चार तासांत एक दिवस संपतो, काही ठिकाणी दोन दिवसांचं भाडं लावतात. अशा वेळी बॅगा काउंटरला ठेवून घ्याल का विचारा, अंघोळीपुरती सोय होते का विचारा, आणि रूम बारानंतर घ्या.

गरम पाणी किती ते किती? सोलर असेल तर सकाळी उशिरा उठणाऱ्याला गार पाणीच. जादा माणसाचे किती, त्यात गादी धरली की नाही? रेट जीएसटी धरून की वरनं? रात्री मेन गेट किती वाजता बंद होतं? रात्री तांबडा-पांढरा रस्सा हाणून, गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन साडेअकराला आलात आणि गेटला कुलूप, तर भाव कितीही कमी असला तरी काय उपयोग.

आणि ओळखपत्र. कोल्हापूर जिल्ह्याचा पत्ता असलेल्या आधारकार्डावर काही लॉज रूम देत नाहीत, लग्न न झालेल्या जोडप्यांना काही देत नाहीत, एकट्या माणसाला बरीच भक्तनिवासं देत नाहीत. चूक-बरोबर बाजूला ठेवा, पण हे दारात गेल्यावर कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं बरं. सगळ्या माणसांची ओरिजनल कार्डं घ्या, मोबाईलमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका.

> इशारा: भक्तनिवासाच्या नावानं दिसणाऱ्या कुठल्याही वेबसाईटवर किंवा क्यूआर कोडवर ॲडव्हान्स टाकू नका. देवस्थानाच्या नावानं खोटी पानं काढून पैसे घेणारे असतात. नंबर देवस्थानाच्या स्वतःच्या साईटवरचा आहे का बघा, फोन करून बोला, मगच पैसे.

*भक्तनिवास आणि धर्मशाळा*

स्वस्त आणि स्वच्छ, घरच्या मंडळींना घेऊन येणाऱ्याला लॉजपेक्षा हे केव्हाही चांगलं. पण नियम असतात. दारू-मांसाहार चालत नाही, रात्री वेळेत आत, काही ठिकाणी एकच रात्र. तांबडा-पांढऱ्याचा पार्सल डबा घेऊन तिथं जाऊ नका, खायचं ते बाहेर खाऊन या. नृसिंहवाडीला जाणार असाल तर तिथं मुक्कामाची सोय आणि दुपारचा महाप्रसाद दोन्ही आहे, शहरात रूम मिळत नसेल त्या दिवशी पन्नासेक किलोमीटरच्या आतला हा पर्याय लोकांच्या लक्षातच येत नाही.

रेल्वेनं येणाऱ्यांनी रिटायरिंग रूम आहे का ते आयआरसीटीसीवर बघावं, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो. आधी बघायचं, उतरल्यावर नाही.

*रूम बघताना*

पैसे द्यायच्या आधी रूम बघायची आणि याच क्रमानं बघायची. आधी नळ सोडा, सोडूनच ठेवा, तोवर फ्लश ओढा. पाणी दोन मिनिटं नीट चाललं म्हणजे टाकीत पाणी आहे. मग आतली कडी लावून दार जोरात ओढून बघा. खिडकीची कडी बघा. मग गादी. चादर कोपऱ्यातनं उचला आणि गादीच्या शिवणीवर मोबाईलचा टॉर्च मारा, शाईचे ठिपके पडल्यासारखे बारीक काळे डाग दिसले तर ढेकूण आहेत, दुसरी रूम मागा. दुसऱ्या रूममध्ये पण दिसले तर दुसरं लॉज. यात भीड धरू नका, एक ढेकूण बॅगेतनं घरी आला तर पेस्ट कंट्रोलचा खर्च त्या रूमच्या कितीतरी पट होतो. हे सगळं बघून होईपर्यंत बॅग पलंगावर टाकायची नाही, बाथरूमच्या फरशीवर ठेवायची. शेवटी एक चार्जिंग पॉईंट चालतो का बघा आणि मग सही करा. पावती मागा.

खाण्यात पैसे वाचवायचे तर दोन वेळा हॉटेलात बसू नका. सकाळी मिसळ पोटभर, दुपारी मंदिराजवळच्या अन्नछत्रात प्रसाद किंवा साध्या खानावळीत थाळी, संध्याकाळी भेळ. एक वेळ मात्र मटण थाळी खा की हो, कोल्हापूरला येऊन तेवढं पण नाही खाल्लं तर आलाच कशाला.

टप्पा ४: बाहेरची रात्र, जागा आणि परवानगी

तंबू अजून विकत घ्यायचा नाही. आधी जागा.

पन्हाळ्यापासून सुरू करू कारण सगळे तिथंच जातात. पन्हाळगड पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, २०२५ ला जागतिक वारसा यादीत पण गेलाय. तटाला लागून, बुरुजावर, अंबरखान्याजवळ तंबू लावता येत नाही, लावू पण नका. पण पन्हाळा हे नांदतं गाव आहे, नगरपरिषद आहे, घरगुती राहायच्या सोयी आहेत, म्हणून रात्र गडावर काढायची तर रूममध्ये. मसाई पठाराचं पण असंच, फोटो बघून सगळ्यांना तिथंच तंबू लावायचा असतो, पण वनखात्याला विचारल्याशिवाय नको. पठाराखालच्या गावात कुणाच्या तरी रानात विचारून लावा.

राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात आपला तंबू घेऊन कुठंही बसता येत नाही. गव्यांचं जंगल आहे ते. आत जायला प्रवेश फी, ठरलेली वेळ, आणि मुक्काम वनखात्यानं नेमून दिलेल्या ठिकाणीच. कोल्हापूरच्या वन्यजीव कार्यालयात आधी चौकशी करायची, गेटवर जाऊन वाद घालायचा नाही. बाहेरच्या गावांत होमस्टे आहेत, ते बघा.

मग स्वस्तात तंबू लावायचा कुठं? कुणाच्या तरी खळ्यात, परड्यात, घराच्या मागच्या मोकळ्या जागेत. खरं सांगतो, हीच सगळ्यात चांगली जागा. पाणी जवळ, माणसं जवळ, संडासाची सोय, आणि रात्री अडचण आली तर हाक मारायला घर. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जाणारी मंडळी करपेवाडी, पांढरपाणी अशा वाड्यांत घरांतनं आणि शाळेतनं राहतात ती याच पद्धतीनं. विचारायचं कसं, त्यालाही क्रम आहे. गावात उतरलं की स्टॉपजवळच्या दुकानात चहा घ्या, तिथं सरपंच किंवा पोलिस पाटलांचं घर विचारा, त्यांना भेटा, आपण कोण, कुठले, किती जण, कधी जाणार हे सांगा. नमस्कार करून "काका, एक रात्र तंबू लावला तर चालंल का, पाणी नि जागा दाखवा, जेवायचे पैसे देतो" एवढं सरळ बोललं की बहुतेक वेळा जागा मिळते, वर भाकरी-पिठलं पण मिळतं. पैसे जेवायच्या आधीच ठरवा आणि ते "राहू दे" म्हटले तरी द्या. फुकट राहणाऱ्यांमुळं पुढच्याला जागा मिळत नाही, हे बऱ्याच वाड्यांत झालंय. शाळेत किंवा देवळात राहायचं तरी विचारूनच, आणि देवळात चप्पल, चूल, मांसाहार काही नाही.

> इशारा: या जागा कितीही छान दिसल्या तरी नकोत.
>
> उसाच्या फडाचा बांध. उंदीर, त्यांच्यामागं साप, आणि रात्री डुकरं, गवे याच वाटेनं येतात.
>
> नदीचं पात्र आणि ओढ्याची वाळू. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी पातळीला आलं की आपोआप उघडतात आणि भोगावती फुगते.
>
> वाळलेलं झाड किंवा मोठी वाळकी फांदी डोक्यावर असलेली जागा.
>
> कड्याच्या टोकाची जागा. गगनबावडा, आंबा भागात रात्री वारा फिरला की तंबू माणसासकट हलतो.
>
> आजरा-चंदगड भागात हत्तींचा वावर आहे, तिकडं गावाबाहेर तंबू अजिबात नको, घरातच झोपा.

टप्पा ५: सामान, जागा ठरल्यावरच

पहिल्या खेपेला तंबू भाड्यानं घ्या. ट्रेक ग्रुपवाल्यांकडं मिळतो. घेताना दोनच गोष्टी बघा: बाहेरचं कव्हर वेगळं आहे का, आणि तंबू नुसत्या काठ्यांवर उभा राहतो का, की खुंट्या मारल्याशिवाय उभाच राहत नाही. दुसऱ्या प्रकारचा आपल्या भागात नको, का ते पुढं सांगतो. दोन माणसांच्या तंबूत बॅगा धरून दोनच माणसं मावतात, तिघांची स्वप्नं बघू नका.

घरी आणला की गच्चीवर एकदा लावून बघा, काठ्या मोजा, वरनं दोन बादल्या पाणी ओता. गळला तर आजच कळूदे.

थंडी वरनं कमी आणि जमिनीतनं जास्त लागते, हे लोकांना पटत नाही. महागडी स्लीपिंग बॅग घेतात आणि खाली नुसती प्लास्टिकची चटई. रात्री दोन वाजता पाठ गार पडते आणि मग झोप नाही. खाली जाड फोमची मॅट, तिच्यावर घोंगडं. आपल्याकडचं काळं घोंगडं घरात पडून असेल तर तेच काढा, थोडं दमट झालं तरी ऊब देतं आणि पैसे शून्य. पांघरायला दोन चादरी, कानटोपी, कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी वेगळे.

बाकी सामान: हेडटॉर्च आणि जादा सेल, पाच-सहा मीटर सुतळी किंवा दोरी, माणशी तीन लिटर पाण्याच्या बाटल्या, रोजची औषधं, ओआरएस, काडेपेटी प्लास्टिकमध्ये, कचऱ्याच्या दोन पिशव्या, कागद-साबण, काठी. गॅसचा डबा किंवा रॉकेल घेऊन रेल्वेत-एस्टीत चढू नका, मनाई आहे आणि धोका पण. एका रात्रीसाठी स्टोव्ह लागतोच कशाला? कपिलतीर्थ मार्केटमधनं काकडी-कांदे-लिंबू घ्या, घरनं दशम्या किंवा कडक भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, भडंग, गूळ-शेंगदाणे. दोन वेळा पोट भरतं, भांडी घासायची कटकट नाही. चहा गावात मिळतो.

> तपासा: बॅग पाठीला लावून जिना दोनदा चढून-उतरून या. दम लागला तर काहीतरी काढा. पहिली काढायची वस्तू म्हणजे "लागलं तर असू दे" म्हणून घेतलेली.

टप्पा ६: तंबू लावायचा क्रम

उजेड असताना, सूर्य मावळायच्या किमान दीड तास आधी सुरू करा.

१. जागेवर आडवे व्हा. खरंच झोपून बघा. पाठीला काय टोचतंय, डोकं कुठं खाली जातंय ते कळतं. थोडा उतार असेल तर डोकं चढाकडं.

२. खडे, काटक्या, काटे हातानं वेचा. बिळं दिसली तर जागा बदला.

३. खालचा ताडपत्रीचा तुकडा अंथरा. तो तंबूपेक्षा चार बोटं लहान हवा. मोठा असला तर कडा आत दुमडा. बाहेर राहिलेल्या कडेवर पाणी किंवा दव साठतं आणि सरळ तुमच्या खाली येतं. लोक मोठी ताडपत्री अभिमानानं अंथरतात आणि सकाळी तंबू फुटका निघाला म्हणतात.

४. दार वाऱ्याच्या पाठीमागं. आपल्याकडं हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडनं, पावसाळी वारा पश्चिमेकडनं, तरी मूठभर वाळकं गवत उडवून बघा.

५. काठ्या जोडून आतला तंबू उभा करा, आधी समोरासमोरचे तिरके दोन कोपरे पक्के करा, मग उरलेले.

६. आता खुंट्या. इथंच आपल्या भागातली खरी अडचण. पन्हाळा, मसाई, आंबा, सगळीकडं जांभ्या दगडाचं पठार. वर चार बोटं माती आणि खाली दगड. बाहेरचे व्हिडिओ बघून आलेली पोरं खुंटी ठोकत बसतात, खुंटी वाकते, मग दुसरी वाकते, मग तंबू तसाच मोकळा सोडतात आणि रात्री वाऱ्यानं उडतो. जांभ्यावर खुंटी मारायचीच नाही. म्हणून तर नुसत्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू घ्या म्हटलं. नारळाएवढे दगड गोळा करा, तंबूच्या कोपऱ्याच्या फासात सुतळी ओवा, सुतळी दगडाला दोन वेढे देऊन गाठ मारा, आणि त्या दगडाच्या पुढं तंबूच्या बाजूला दुसरा मोठा दगड अडसर म्हणून टेकवा. वारा ओढायला लागला की पहिला दगड दुसऱ्यावर अडतो आणि घसरत नाही. नुसता दगड दोरीवर ठेवला तर दोरी त्याच्याखालनं सरकते आणि जांभा खरबरीत असल्यानं घासून तुटते पण, म्हणून वेढे द्यायचेच, आणि जिथं घासतंय तिथं चिंधी गुंडाळायची. निघताना ते दगड होते तिथं परत टाकायचे. बांधाचे दगड मात्र काढायचे नाहीत, शेतकऱ्यानं मेहनतीनं रचलेले असतात.

माती असेल तिथं खुंटी तंबूपासून बाहेर कलती मारा, म्हणजे दोरी तिला उपटून काढत नाही.

७. बाहेरचं कव्हर ताणून लावा. ते आतल्या कापडाला कुठंही चिकटता कामा नये.

> इशारा: थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन आणि हवेच्या जाळ्या बंद करू नका. आपल्या श्वासाची वाफ आतनं कापडावर बसते आणि सकाळी टपटप पडते. ते गळणं नव्हे. वरची जाळी उघडी ठेवा. आणि तंबूच्या आत शेगडी, स्टोव्ह, निखारा काही न्यायचं नाही. लॉजच्या बंद खोलीत पण नाही. कोळशाचा धूर विझल्यासारखा वाटला तरी विषारी वायू असतोच आणि झोपेत माणूस जातो.

टप्पा ७: रात्र

जेवण तंबूच्या बाहेर आणि खरकटं लांब. खाण्याची पिशवी यजमानांच्या घरात ठेवा, तंबूत ठेवली तर मुंग्या येतात, मग कुत्री येतात.

आतल्या जाळीची चेन कायम बंद. पाच मिनिटांसाठी बाहेर गेलात तरी बंद. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत पण नाही फारसं, म्हणून तर जास्त वाईट. बूट तंबूच्या आत घ्या, सकाळी झटकून घाला. रात्री लघवीला उठलात तर टॉर्च आणि काठी घेऊनच, आणि काठी आपटत चाला.

साप चावला किंवा नुसता संशय जरी आला तरी कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, भगताकडं जायचं नाही. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन, किंवा गावातली गाडी करून जवळच्या सरकारी दवाखान्यात. मोठी सोय कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात आहे. गावात मुक्काम ठरवताना जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, हे त्याच काकांना विचारून ठेवायचं.

जाळ करायचा तर यजमानांच्या चुलीजवळ बसा. जानेवारीनंतर गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते, आणि डोंगरातला वणवा विझवायला गावातलीच माणसं पळतात.

मोठ्यानं गाणी वाजवू नका. गावात माणसं पहाटे उठून धारा काढायला जातात.

टप्पा ८: पहाटेची आवराआवर

वस्तीची गाडी पहाटे सुटते, तेव्हा रात्रीच बॅगा भरून ठेवा, सकाळी फक्त तंबू आणि अंथरूण राहिलं पाहिजे. पाऊण तास धरा. शौचाला घरची सोय नसेल तर पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, सहा-आठ इंच खड्डा, नंतर माती लोटायची, वेट वाईप्स मात्र परत पिशवीत. वाईप्स कुजत नाहीत.

कव्हर दवानं ओलं असणारच. झटका, कोरड्या फडक्यानं पुसा आणि आतल्या तंबूपासून वेगळ्या पिशवीत भरा. शेवटी तंबूच्या जागेवर एक चक्कर मारा, खुंट्या, सुतळीचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या (तुमच्या नसल्या तरी) उचला, यजमानांना सांगून निघा.

घरी पोचल्यावर दमून बॅग तशीच माळ्यावर टाकतात, ही शेवटची आणि सगळ्यात महाग चूक. ओला गुंडाळलेला तंबू दोन-तीन दिवसांत कुबट होतो, मग बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि वरचा पाणी अडवणारा थर सुटायला लागतो. भाड्याचा असेल तर डिपॉझिट जातं. त्याच दिवशी गच्चीवर दोरीला, सावलीत, दोन्ही भाग वेगळे टांगा. काठ्या पुसून ठेवा, वाकलेल्या खुंट्या वेगळ्या काढा, आणि भाड्याचा तंबू दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या परत द्या, म्हणजे जादा दिवसाचं भाडं लागत नाही.